मायक्रोमीटरच्या तोंडाचं कुंकू

गायके सरांनी रेक्झिनची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले जॉब, म्हणजे मुलांनी घडवलेले लोखंडी दांडे, एकेक करून बाहेर काढले. प्रत्येकाला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधलेली होती. आठ जॉब त्यांनी ओळीनं मांडले. नववा पिशवीतच राहू दिला.

"तो?" मी विचारलं.

"त्यो सोडा साहेब. मोठा झालाय. एका पोरीचा हाय. उगं तुमचा टाइम कशाला घ्यायचा."

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टँडर्ड रूमचा इन्चार्ज होतो. स्टँडर्ड रूम म्हणजे कारखान्याची मापं तपासणारी खोली. एसी लावून थंड ठेवलेली, चपला बाहेर काढून आत यायचं. मशीनवर झालेला माल बरोबर की चूक हे इथं ठरतं, आणि ज्या हत्यारांनी मशीनवरचे लोक माप घेतात ती हत्यारं खरं बोलतात की खोटं हेही इथंच ठरतं. त्यामुळे या खोलीतल्या माणसाला कारखान्यात फारसं कुणी चहाला बोलवत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. चहा मी घरून थर्मासमध्ये आणायचो.

तेव्हा गावाचं नाव औरंगाबाद होतं. गायके सर कन्नड तालुक्यातल्या एका सरकारी शाळेत शिकवत. त्या शाळेत अकरावी-बारावीला मशीन शॉपचा व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाला होता. म्हणजे मुलांनी भाषा आणि थोडं विज्ञान शिकायचं, आणि उरलेला वेळ वर्कशॉपमध्ये लेथवर काढायचा. लेथ म्हणजे लोखंडाचा दांडा गरगर फिरवून हत्यारानं सोलत नेणारं मशीन. दोन वर्षांनी मुलगा बाहेर पडला की कारखान्यात अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून लागायचा, अशी योजना. योजनेत खोट काही नव्हती. फक्त कारखान्यांना ती कुणी सांगितली नव्हती. सगळे कारखाने आयटीआयची मुलं घेत. शाळेत लेथ असतो हेच कुणाला खरं वाटत नसे.

गायके सरांनी आमच्या गेटवर इतके हेलपाटे घातले की सिक्युरिटीवाला त्यांना नावानं ओळखायला लागला. शेवटी आमचे प्लँट मॅनेजर भाटिया साहेब वैतागून म्हणाले, एक ड्रॉइंग देतो. तुमची सगळी मुलं तोच एक जॉब करू देत. जॉब जोशी तपासतील. निम्मे पास झाले तर दोन सीट तुमच्या, नाहीतर परत गेटवर यायचं नाही. जोशी म्हणजे मी.

वर्गात मुलं नऊच. आधीची बॅच शिकून घरीच बसली होती. हीही बॅच बसली असती, तर पुढच्या वर्षी मुलं आलीच नसती आणि अभ्यासक्रम बंद झाला असता. गायके सरांनी हे मला गेटवरच सांगितलं होतं, रडगाणं न लावता.

जॉब सोपा होता. पायरीचा गोल दांडा. त्यातला एकच व्यास महत्त्वाचा: वीस मिलिमीटर. सूट दोन शतांशाची, म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले दोन भाग इकडे किंवा तिकडे चालतील. डोक्याचा केस साधारण सात-आठ शतांश जाड असतो, त्यावरून अंदाज करा. एवढं बारीक माप पट्टीनं येत नाही. त्याला मायक्रोमीटर लागतो. घोड्याच्या नालासारखी एक चौकट, तिच्या दोन टोकांत जॉब धरायचा, स्क्रू फिरवून टोकं जॉबला टेकवायची आणि स्क्रूवरचा आकडा वाचायचा. कारखान्यात या टोकांना सगळे मायक्रोमीटरचं तोंड म्हणतात.

पहिला जॉब मी घेतला. चार शतांश लहान. रिजेक्ट. दुसरा, चार लहान. तिसरा साडेतीन. गायके सर टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. पाचव्या जॉबनंतर त्यांनी हात काढून घेतला. आठही जॉब लहान निघाले. लेथच्या कामात जॉब मोठा राहिला तर आणखी सोलता येतो. लहान झालेल्याला लोखंड परत चिकटवता येत नाही. तो भंगारातच जातो.

"असं कसं होईल साहेब," गायके सर म्हणाले. "मी सोता मोजलेत. पुन्ना पुन्ना मोजलेत. शाळेचा मायक्रोमीटर नवा कोरा हाय."

माझा असिस्टंट रफिक सगळे जॉब पाहत होता. तो औरंगाबादचाच, किराडपुऱ्याचा. बोलायचा कमी, पण बोलला की नेमकं. "साब," तो म्हणाला, "ये सब एकीच माँ के बच्चे दिखरे."

माझ्याही मनात तेच आलं होतं. मुलं चुकतात तेव्हा आपापल्या पद्धतीनं चुकतात. एकाचा जॉब मोठा, दुसऱ्याचा लहान, तिसऱ्याचा एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक. आठ मुलं एकाच दिशेनं आणि जवळजवळ सारखीच चुकत नाहीत. परीक्षेत अशी चूक दिसली तर कॉपी म्हणतात. लेथवर कॉपी करता येत नाही.

"तो नववा काढा," मी म्हणालो.

सरांनी नाखुशीनं काढला. चिठ्ठीवर सुरेखा थोरात असं नाव होतं. मी मोजला. वीसला वीस. जागा बदलून मोजला, फिरवून मोजला. शतांशाचाही फरक नाही. मी जॉब रफिककडे दिला, त्यानंही मोजला आणि परत ठेवला.

गायके सरांनी जे आठ चांगले म्हणून आणले होते ते आठही वाईट होते. एकच वाईट म्हणून बाजूला ठेवला होता, तोच चांगला निघाला. माझ्या नोकरीत मी असं कधी पाहिलं नव्हतं. त्या गृहस्थांचा चेहरा मला पाहवेना, म्हणून मी थर्मास उघडून त्यांना चहा दिला.

भाटिया साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन वाक्यांत निकाल लावला. नऊमधला एक बरोबर आला तर तो तुक्का. आणि ज्या मास्तरला स्वतःच्या वर्गातला चांगला जॉब ओळखता येत नाही त्याची मुलं मला नकोत.

दुसरं वाक्य मला लागलं, कारण ते वरवर पाहता बरोबर होतं. मी म्हणालो, "साहेब, मुलं चुकली नाहीत. त्यांचं हत्यार चुकतंय. मुलांना त्या हत्यारानं जे दाखवलं ते त्यांनी चोख केलंय. एक दिवस द्या, मी जाऊन बघतो."

"अरे जोशी, बाहर का काम क्यों लेते हो?"

"तुक्का म्हणालात म्हणून. सुरेखा थोरातचा जॉब तुक्का नाही."

तो जॉब मी मोजला होता, आणि मी मोजलेल्या जॉबला कुणी तुक्का म्हटलेलं मला खपत नसे. बाकी माझा काही उदात्त हेतू नव्हता. साहेबांनी परवानगी दिली. जीप दिली नाही. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कन्नडला गेलो. पिशवीत आमचा मायक्रोमीटर होता आणि स्लिप गेजची पेटी होती. स्लिप गेज म्हणजे जाडी पक्की माहीत असलेले पोलादी तुकडे. हत्यार खरं बोलतंय का, ते त्यांच्यावर कळतं.

शाळेचं वर्कशॉप पत्र्याच्या शेडमध्ये होतं. दोन लेथ, एक ड्रिल, भिंतीला लागून कामाची टेबलं. जमीन झाडलेली, हत्यारं आकारानं लावलेली. आमच्या मशीन शॉपमध्ये एवढी टापटीप नव्हती. नऊही मुलं निळ्या ॲप्रनमध्ये भिंतीला टेकून उभी होती. काय झालं ते त्यांना कळलं होतं. सुरेखा कोणती, हे मला विचारावं लागलं नाही. बाकीचे एका घोळक्यात होते आणि एक मुलगी शेवटच्या टेबलाशी वेगळी उभी होती.

गायके सरांनी लोखंडी कपाट उघडलं. वरच्या खणात एकच लाकडी डबी होती. खाली नवा रुमाल अंथरलेला, डबीवर झेंडूचं वाळकं फूल. सरांनी डबी दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरली.

मी झाकण उघडलं. मायक्रोमीटर खरोखरच नवा कोरा होता. मी त्याचं तोंड उजेडाकडे केलं. आत लाल दिसलं. आधी मला गंज वाटला. मग पिवळट कडा दिसली आणि मी बोटाचं टोक लावून पाहिलं.

"हे काय आहे सर?"

"कुंकू हाय साहेब," गायके सर म्हणाले. त्यांना यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. "खंडेनवमीला पूजा केली ना आपण."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. शेतकरी नांगराची करतो, ड्रायव्हर गाडीची, कारखान्यात मशीनची. माझ्याही खोलीत होते, मीही हात जोडतो. या शाळेत मुलांनी लेथला, ड्रिलला, हातोड्याला, कानशीला हळदकुंकू लावलं होतं. मायक्रोमीटर ही शाळेतली सगळ्यात मौल्यवान वस्तू, तेव्हा त्याला सगळ्यात मानाचं कुंकू. ते लावायचं कुठं? तोंडाला. आणि पूजेपुरतं लावून थांबली असती तर ती मुलं कसली. ज्या मुलाकडे सकाळी कपाट उघडायची पाळी, तो पाण्यात कालवलेलं चिमूटभर कुंकू रोज लावायचा. मोठ्या कामाची परीक्षा चालली होती ना. वाळून आणि दबून त्याचा पापुद्रा झाला होता.

त्यामुळे काय होतं ते सोपं आहे. तोंडात जॉब धरला की जॉबबरोबर कुंकवाचंही माप घेतलं जातं. चार शतांश कुंकू आणि एकोणीस पूर्णांक शहाण्णव शतांश लोखंड मिळून वीस होतात. मुलगा खूश, सर खूश, आणि जॉब भंगारात.

"रिकामं तोंड मिटवून कधी बघितलं नाही का?" मी विचारलं. टोकं एकमेकांना टेकवली की आकडा शून्य आला पाहिजे. नाही आला तर त्याला झीरो एरर म्हणतात. कोणतंही माप घेण्याआधी करायचं हे पहिलं काम.

गायके सर म्हणाले, "पुस्तकात लिवलंय साहेब, तोंड मिटवून ठेवू नये."

हे खरं आहे. मायक्रोमीटर डबीत ठेवताना तोंड किंचित उघडं ठेवतात, कारण उन्हाळ्यात धातू फुगतो आणि टोकं एकमेकांवर दाबली जातात. पण तो नियम ठेवण्याचा. इथं शिकता शिकवता त्याचा 'तोंड कधीच मिटवू नये' असा नियम झाला होता. एक नियम जरा जास्त पाळला आणि दुसरा, तोंड स्वच्छ ठेवण्याचा, श्रद्धेनं मोडला, एवढंच घडलं होतं.

राहिला नववा जॉब. मी विचारायच्या आधीच घोळक्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, तिनं कुंकू पुसलं व्हतं. म्हनून तिचंच माप चुकलं."

मग सगळं बाहेर आलं. सुरेखाची लेथवर पाळी आली त्या दिवशी तिनं मायक्रोमीटरचं तोंड फडक्यानं स्वच्छ पुसलं, मोजून मोजून जॉब केला आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मुलांनी ओरडा केला. पूजेचं कुंकू पुसलं, आता परीक्षेत काही खरं नाही. गायके सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं आणि कुंकू पुन्हा लावून घेतलं, या वेळी चांगलं दाट. नंतर तिचा जॉब मोजला तर चार शतांश मोठा आला. कुंकू पुसल्याचं फळ म्हणून सगळ्या शाळेनं ते मान्य केलं. त्यानंतर मायक्रोमीटरला हात लावायची तिला बंदी होती. ती शेवटच्या टेबलावर कानस घासत बसायची.

मी तिला जवळ बोलावलं. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेली, हाताला कानशीचा काळा रंग.

"का पुसलंस?"

तिनं आधी सरांकडे पाहिलं. "सरांनीच शिकवलंय. माप घ्यायच्या आधी तोंड पुसायचं. मधी काय बी आलं की माप खोटं येतं."

"आगं पर ते कुंकू व्हतं," गायके सर म्हणाले. आवाज चढवला नव्हता, समजावण्याचाच होता. "धूळ येगळी, तेल येगळं. कुंकू कुणी पुसतं का?"

तिनं हाताचा काळा रंग ॲप्रनला पुसला. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही.

"माझ्या आयचं पुसलं सर," ती म्हणाली. "बाप गेला त्याच दिवशी. समदं गाव व्हतं तिथं. कुणी नगं म्हनलं नाय. ह्ये तर लोखंडाचं हाय."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी, स्टँडर्ड रूमच्या माणसाला कारण सापडल्यावर जो आनंद होतो, तोही झाला. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

गायके सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. मग मला म्हणाले, "साहेब, आधी तसंच मिटवून दाखवा पोरांना."

मी कुंकवासकट तोंड मिटवलं आणि मायक्रोमीटर मुलांमध्ये फिरवला. जिथं शून्य यायला हवं तिथं चार शतांश. प्रत्येकानं आकडा वाचला. ज्या मुलीनं तक्रार केली होती तिनं दोनदा वाचला. मग मी माझ्या पिशवीतला मऊ चामड्याचा तुकडा काढला. गायके सरांनी तो घेतला, मायक्रोमीटरही माझ्या हातातून घेतला आणि शेवटच्या टेबलाशी गेले.

"घे," ते सुरेखाला म्हणाले. "तूच पूस."

तिनं पुसलं. घाई न करता, आधी एक टोक, मग दुसरं. कुंकू चामड्यावर आलं. तिनं तोंड मिटवलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. शून्य. मी स्लिप गेज लावून पाहिले, प्रत्येक मापाला हत्यार बरोबर. नवा कोरा होता, गायके सर खोटं बोलले नव्हते.

भाटिया साहेबांना मी एवढंच सांगितलं की झीरो एरर होता, तोंडात कचरा अडकला होता, मुलांना पुन्हा एक संधी द्या. कुंकवाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर तो किस्सा पुढची दहा वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये चहाबरोबर फिरला असता आणि त्या शाळेकडे कुणी गंभीरपणे पाहिलं नसतं. आता साहेबही निवृत्त आहेत आणि मीही, म्हणून लिहितो आहे.

मुलांनी नवे जॉब केले. दोन सोडून सगळे पास झाले. साहेबांनी शब्द पाळला आणि दोन सीट दिल्या. एक दत्ता नावाच्या मुलाला. दुसऱ्या नावावर ते अडले.

"लडकी है. शिफ्टमध्ये कशी येणार?"

"स्टँडर्ड रूमला शिफ्ट नसते साहेब," मी म्हणालो.

असं सुरेखा माझ्या खोलीत आली. पहिल्या दिवशी तिला गेटपर्यंत सोडायला तिची आई आली होती. मोकळ्या कपाळाची, फिक्या लुगड्यातली. तिनं मुलीच्या ॲप्रनची गाठ तेवढी सोडून पुन्हा बांधली. गायके सरांचा अभ्यासक्रम चालू राहिला. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे मुलं वाढली आणि आमच्या सिक्युरिटीवाल्यानं त्यांची वहीत एंट्री घेणं सोडून दिलं.

सरकारी शाळांत मुलांना धंद्याचं शिक्षण द्यावं की नाही, यावर मला अजूनही लोक विचारतात. द्यावं. शिक्षक असे मिळाले तर जरूर द्यावं. गायके सरांनी शिकवलेलं सगळं बरोबर होतं, फक्त ते शेवटपर्यंत पाळणारी मुलगी वर्गात एकच होती, आणि तिच्यावर ते रागावले. चूक कळल्यावर त्यांनी हत्यार तिच्याच हातात दिलं. याहून जास्त मी कुणा शिक्षकाकडून मागत नाही.

माझ्या धंद्याच्या बाजूनं धडा एवढाच, की हत्याराला मान द्यायचा असेल तर डबीला द्यावा. तोंड मोकळं ठेवावं.

पुढच्या खंडेनवमीला आमच्या खोलीत पूजेची तयारी चालली होती. रफिकनं नेहमीप्रमाणे झेंडूचे हार आणले होते. आयटीआयचा एक नवीन मुलगा बोटावर कुंकू घेऊन मोठ्या भक्तीनं मायक्रोमीटरकडे निघाला. सुरेखानं त्याच्या मनगटाला धरलं आणि बोट डबीच्या झाकणावर टेकवलं.

"हितं लाव," ती म्हणाली. "तोंडाला लावलंस तर मला पुसावं लागंल. आन् मी पुसते."